सायलॅब, आर आणि ऑक्टेव्हमध्ये जोड-पॅकेज कसं बसवायचं आणि कसं चालू करायचं? विद्यार्थी व पालकांसाठी सविस्तर माहिती

चारठाणा, जिंतूर, सेलू, मंठा या पट्ट्यातली आपली अनेक मुलं-मुली आज अभियांत्रिकी, बी.एस्सी., कृषी आणि संगणकशास्त्राचं शिक्षण घेत आहेत. कुणी परभणीला आहे, कुणी नांदेडला, कुणी पुण्याला. बऱ्याच जणांची शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमात झालेली असते आणि कॉलेजात गेल्यावर सगळं एकदम इंग्रजीत समोर येतं. त्यात प्रॅक्टिकलसाठी गणिती सॉफ्टवेअर आलं की गोंधळ आणखी वाढतो.

या विद्यार्थ्यांकडून आमच्याकडे वारंवार येणारा प्रश्न असा : "सॉफ्टवेअर उघडतं, बेरीज-गुणाकार करतं, आलेखही काढतं. पण सरांनी दिलेला प्रोग्राम टाकला की लाल ओळ येते. सॉफ्टवेअर खराब आहे का?" काही जण संपूर्ण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, डेटा पॅक संपवतात. काही जण दुकानात जाऊन पैसे देतात. आणि काही जण, विशेषतः घरी बसून शिकणाऱ्या मुली, "हे आपल्याला जमणारं नाही" असं म्हणून विषयच सोडून देतात. यातलं सर्वात मोठं नुकसान हे शेवटचं आहे, कारण बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ठीक असतं आणि विद्यार्थीही ठीक असतो. फक्त एक जोड-पॅकेज बसवायचं राहिलेलं असतं, किंवा बसवलेलं असूनही ते चालू केलेलं नसतं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा समजलं की निम्म्याहून जास्त अडचणी घरबसल्या सुटतात. म्हणून हा लेख.

पॅकेज म्हणजे काय?

शास्त्रीय गणनेचं कोणतंही सॉफ्टवेअर आपल्यासोबत मूलभूत कामं घेऊन येतं : मॅट्रिक्स, समीकरणं, आलेख, साधी आकडेवारी. पण फोटोवर प्रक्रिया करणं, शेतीच्या प्रयोगांचं विश्लेषण करणं, सिग्नल तपासणं अशी खास कामं करणारे प्रोग्राम वेगळ्या गठ्ठ्यात मिळतात. या गठ्ठ्याला कुठे 'पॅकेज' म्हणतात, कुठे 'टूलबॉक्स', कुठे 'मॉड्यूल'. नावं वेगळी, गोष्ट एकच.

आता त्याच्या दोन पायऱ्या पाहू.

पहिली पायरी बसवणं, म्हणजे इन्स्टॉल करणं. गठ्ठा इंटरनेटवरून किंवा पेनड्राइव्हवरून आपल्या संगणकाच्या डिस्कवर येतो. हे एकदाच करायचं असतं.

दुसरी पायरी चालू करणं, म्हणजे लोड करणं. डिस्कवर असलेला गठ्ठा सॉफ्टवेअरच्या चालू सत्रात आणायचा. सॉफ्टवेअर बंद केलं की हे संपतं. पुन्हा उघडलं की पुन्हा लोड करावं लागतं.

पुस्तक विकत आणून कपाटात ठेवणं आणि अभ्यासाला बसताना ते काढून समोर उघडणं, इतका साधा हा फरक आहे. पुस्तक कपाटात आहे म्हणून धडा आपोआप डोळ्यांसमोर येत नाही. एका वाक्यात लक्षात ठेवा : बसवणं एकदा, चालू करणं दरवेळी.

मोफत सॉफ्टवेअर आणि पवईचं काम

अनेक कॉलेजांत मॅटलॅब शिकवलं जातं. ते चांगलं सॉफ्टवेअर आहे, पण विकत घ्यावं लागतं आणि त्याचे बरेच टूलबॉक्स वेगळे विकत घ्यावे लागतात. घरच्या लॅपटॉपसाठी हा खर्च बहुतेक कुटुंबांना झेपणारा नाही. मग कुणीतरी 'क्रॅक' केलेली प्रत देतो. ती दुसऱ्याच्या मेहनतीचा हक मारून आलेली असतेच, शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरसही येतात. हा रस्ता घेण्याची गरजच नाही.

सायलॅब हे असंच गणनेचं सॉफ्टवेअर आहे आणि ते पूर्णपणे मोफत आहे. फ्रान्समधल्या इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते तयार करायला सुरुवात केली आणि १९९४ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. महाराष्ट्रात याचा प्रसार मोठ्या प्रमाणात पवईच्या आयआयटी बॉम्बेमधून झाला. तिथल्या रसायन अभियांत्रिकी विभागाचे प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'फॉसी' हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षण या राष्ट्रीय मोहिमेतून त्याला पैसा मिळाला.

फॉसीच्या तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्याव्यात. एक, 'टेक्स्टबुक कम्पॅनियन' : अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांनीच सायलॅबमध्ये लिहून ठेवली आहेत, ती मोफत उतरवून घेता येतात. दोन, 'लॅब मायग्रेशन' : ज्या कॉलेजला आपली प्रयोगशाळा महागड्या सॉफ्टवेअरवरून सायलॅबवर आणायची आहे, त्याला मदत मिळते. तीन, 'स्पोकन ट्युटोरियल' : साधारण दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र धडे. पडद्यावर कृती दिसते आणि आवाज मराठी, हिंदीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतो. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या मुला-मुलींनी सुरुवात इथूनच करावी.

आज्ञा लिहिण्याबद्दल सूचना

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या इंग्रजी अक्षरांतच टाईप करायच्या आहेत. तीन नियम पाळा :

१. लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानली जातात. सायलॅबच्या पॅकेजविषयीच्या सगळ्या आज्ञा 'ॲटम्स' या शब्दाने सुरू होतात. तो पूर्ण लहान अक्षरांत लिहायचा, त्याला जोडून आलेल्या पुढच्या प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर मोठं, आणि मध्ये जागा सोडायची नाही.

२. अवतरण चिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाईलमधून आज्ञा कॉपी केली की चिन्हं वाकडी होतात आणि चूक येते. दिसायला सगळं बरोबर, तरी चालत नाही! अशा वेळी अवतरण चिन्हं खोडून हाताने पुन्हा टाईप करा.

३. कंस उघडला तर बंद करा.

सायलॅब : बसवण्याच्या पायऱ्या

सायलॅबमध्ये पॅकेजला 'मॉड्यूल' किंवा 'टूलबॉक्स' म्हणतात, आणि ते आणून बसवणाऱ्या व्यवस्थेचं नाव 'ॲटम्स'. ही सोय ५.२ आवृत्तीपासून सायलॅबच्या आतच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही.

उदाहरण म्हणून 'आयपीसीव्ही' घेऊ. हा फोटोवर प्रक्रिया करणारा टूलबॉक्स आहे. चारठाण्याची जुनी मंदिरं आणि त्यांचे कोरीव दगडी खांब प्रसिद्ध आहेत. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला अशा खांबाच्या फोटोतल्या झिजलेल्या नक्षीच्या कडा ठळक करून पाहायच्या आहेत. छोट्या प्रोजेक्टसाठी हा छान विषय आहे. पण फोटो वाचण्याची 'आयएमरीड' ही आज्ञा मूळ सायलॅबमध्ये नाही, ती या टूलबॉक्समधून येते.

पायरी १. आवृत्ती पाहा. 'गेटव्हर्जन' ही आज्ञा, पुढे रिकामा कंस, सगळी लहान अक्षरं. उत्तरात आवृत्तीचा आकडा येईल. हे महत्त्वाचं का? कारण पाचव्या पिढीच्या सायलॅबसाठी बनवलेले बरेच टूलबॉक्स सहाव्या पिढीत जसेच्या तसे चालत नाहीत. आयपीसीव्हीला सहावी पिढी लागते. कॉलेजचं मॅन्युअल जुनं असेल तर त्यात कोणती आवृत्ती लिहिली आहे ते आधी बघा.

पायरी २. इंटरनेट जोडा. मोबाइल हॉटस्पॉट चालतो. आयपीसीव्ही तुलनेने मोठा आहे, त्यामुळे दिवसाचा डेटा संपत आलेला असताना किंवा वीज जाण्याच्या वेळेला सुरुवात करू नका. डाउनलोड अर्ध्यावर तुटलं तर आज्ञा पुन्हा द्या.

पायरी ३. माऊसने बसवायचं असेल तर वरच्या पट्टीतल्या 'ॲप्लिकेशन्स' मेन्यूत 'मॉड्यूल मॅनेजर – ॲटम्स' निवडा. विषयवार यादी येईल. हवा तो टूलबॉक्स निवडून 'इन्स्टॉल' दाबा.

आज्ञा देऊन बसवायचं असेल तर :

ॲटम्सइन्स्टॉल("आयपीसीव्ही")

'आयपीसीव्ही' ही चारही अक्षरं मोठी लिहायची. या टूलबॉक्सला दुसऱ्या एखाद्या टूलबॉक्सची गरज असेल तर ॲटम्स तोही सोबत आणतं.

पायरी ४. सायलॅब बंद करून पुन्हा उघडा. उघडताना पडद्यावर टूलबॉक्सचं नाव आणि 'लोड मॅक्रोज', 'लोड हेल्प' अशा ओळी दिसतात. याचा अर्थ टूलबॉक्स चालू झाला. बंद न करता त्याच सत्रात चालू करायचं असेल तर :

ॲटम्सलोड("आयपीसीव्ही")

ॲटम्समधून बसवलेला टूलबॉक्स सायलॅब आपोआप चालू करण्याच्या यादीत टाकतं. म्हणजे 'दरवेळी चालू करणं' हे काम इथे सायलॅब स्वतः करतं. लॅपटॉप जुना असेल आणि असे पाच-सहा टूलबॉक्स जमले असतील तर सायलॅब उघडायला वेळ लागू लागतो. तेव्हा 'ॲटम्सऑटोलोडडेल' या आज्ञेने नको असलेलं नाव यादीतून काढा. (इथे 'ऑटोलोड' हा एकच शब्द मानायचा, त्यात फक्त 'ए' मोठा.) टूलबॉक्स डिस्कवर राहतो, फक्त आपोआप चालू होत नाही.

पायरी ५. तपासा. 'ॲटम्सगेटइन्स्टॉल्ड' आणि रिकामा कंस दिला की काय काय बसवलेलं आहे ते कळतं. 'ॲटम्सगेटलोडेड' दिलं की आत्ता काय चालू आहे ते कळतं. पहिल्या यादीत नाव आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, तर अडचण फक्त लोड करण्याची आहे. दोन्ही याद्यांत नाही, तर बसलेलंच नाही. डॉक्टर आधी नाडी बघतात तसं प्रत्येक वेळी आधी या दोन याद्या बघा.

पायरी ६. वापरा. फोटो ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा, मग 'आयएमरीड'ने फोटो वाचा आणि 'आयएमशो'ने दाखवा. फोटो दिसला की काम फत्ते. पुढे 'आरजीबीटूग्रे'ने तो करड्या रंगाचा करून 'एज' या आज्ञेने कडा काढता येतात.

एकच लॅपटॉप, अनेक जण

आपल्या बऱ्याच घरांत एकच लॅपटॉप भाऊ-बहिणींत फिरतो. विंडोजमध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर लक्षात ठेवा : टूलबॉक्स फक्त एका वापरकर्त्यासाठी बसवता येतो किंवा सर्वांसाठी. भाईजानच्या खात्यात बसवलेला टूलबॉक्स आपाच्या खात्यात दिसत नसेल तर त्यात बिघाड काही नाही, तो एकाच खात्यासाठी बसलेला आहे. सर्वांसाठी बसवायचा तर सायलॅबच्या मूळ फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी लागते, म्हणून सायलॅब 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून बसवा.

इंटरनेट नसेल किंवा फार हळू असेल तर

टूलबॉक्सची झिप फाईल कॉलेजात किंवा मित्राकडे उतरवून पेनड्राइव्हवर आणा. ॲटम्सच्या साठ्यातली झिप असेल तर 'ॲटम्सइन्स्टॉल'च्या कंसात नावाऐवजी त्या फाईलचा पूर्ण पत्ता अवतरण चिन्हांत द्या. नेट लागत नाही. पण त्या टूलबॉक्सला लागणारे इतर टूलबॉक्स तुम्हाला आधीच आणून बसवावे लागतील.

काही टूलबॉक्स ॲटम्सच्या बाहेरही झिप स्वरूपात मिळतात. झिप उघडल्यावर आत 'लोडर' नावाची फाईल दिसते, शेवट 'डॉट एससीई'. सायलॅबमध्ये त्या फोल्डरात जाऊन 'एक्झेक लोडर डॉट एससीई' असं दिलं की टूलबॉक्स चालू होतो. आत फक्त 'बिल्डर' ही फाईल असेल आणि लोडर नसेल, तर आधी बिल्डर चालवायचा, मग लोडर तयार होतो. बिल्डरला कधी कधी सी भाषेचा कंपायलर लागतो. नव्या विद्यार्थ्याने त्यात अडकू नये, तयार बांधलेली झिप शोधावी.

लोडरची ही पद्धत वापरली तर मात्र सायलॅब उघडलं की दरवेळी लोडर चालवावा लागतो. रात्री चाललेला प्रोग्राम सकाळी चालत नाही, अशी तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते.

कॉलेजच्या लॅबमध्ये नेट आहे तरी टूलबॉक्स उतरत नाही, असंही होतं. तिथे बहुधा प्रॉक्सी असते. लॅबच्या सरांकडून प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट विचारून 'ॲटम्ससेटकॉन्फिग' या आज्ञेने तो सायलॅबला कळवावा लागतो.

आर : कृषी आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

परभणीत १९७२ पासून मराठवाड्याचं कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या अनेक घरांत कृषी शाखेचा एखादा तरी विद्यार्थी सापडतो. त्यांना शेतातल्या प्रयोगांचं विश्लेषण करावं लागतं. समजा, सोयाबीनचे पाच वाण चार ब्लॉकमध्ये लावले आणि कोणता वाण खरोखर सरस आहे ते ठरवायचं आहे. यासाठी 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं.

आरमध्ये प्रसरणाचं विश्लेषण मूळ सॉफ्टवेअरमध्येच होतं, 'एओव्ही' या आज्ञेने. पण पुढची पायरी, म्हणजे वाणांची जोडी-जोडीने तुलना करणारी 'एलएसडी डॉट टेस्ट', ही 'ॲग्रिकोले' नावाच्या पॅकेजमधून येते. म्हणून विद्यार्थ्याची अर्धी फाईल चालते आणि मध्येच लाल ओळ येते.

बसवण्यासाठी, एकदाच :

इन्स्टॉल डॉट पॅकेजेस("ॲग्रिकोले")

'इन्स्टॉल' आणि 'पॅकेजेस' यांच्यामध्ये टिंब, सगळी लहान अक्षरं, आणि नावाला अवतरण चिन्हं हवीतच. पहिल्यांदा कोणत्या देशातल्या साठ्यातून उतरवायचं ते विचारलं जाईल, यादीत वर असलेला 'क्लाउड' निवडा. स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवू का असं विचारलं तर 'यस' म्हणा. एखादं पॅकेज मूळ कोडपासून बांधायचं का असं विचारलं तर नवख्यांनी 'नो' म्हणावं, म्हणजे तयार प्रत येते.

चालू करण्यासाठी, दरवेळी :

लायब्ररी(ॲग्रिकोले)

इथे अवतरण चिन्हं नसली तरी चालतात.

आरस्टुडिओ वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावं : 'पॅकेजेस'च्या यादीत नावापुढच्या चौकटीत टिक केली की पॅकेज लोड होतं, पण फक्त त्या सत्रापुरतं. म्हणून टिकवर भरवसा ठेवू नका, 'लायब्ररी'ची ओळ फाईलमध्येच लिहा. आणखी एक : आरची मोठी आवृत्ती बदलली, उदाहरणार्थ ४.३ वरून ४.४, की विंडोजमध्ये पॅकेजेसचं फोल्डरही नवं होतं. जुनी पॅकेजेस गायब झाली असं वाटतं. घाबरू नका, पुन्हा बसवा.

ऑक्टेव्ह : मॅटलॅबचा अभ्यासक्रम असणाऱ्यांसाठी

कॉलेजात मॅटलॅब आहे आणि घरी नाही, अशा विद्यार्थ्यांना ऑक्टेव्ह सर्वात जवळचं, कारण त्याची भाषा मॅटलॅबशी मोठ्या प्रमाणात जुळते. जॉन ईटन यांनी ते सुरू केलं. नाव मात्र संगीतातलं नाही, ते त्यांचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचं आहे.

ऑक्टेव्हमध्ये सगळ्या पॅकेजचा कारभार 'पी-के-जी' या तीन अक्षरांनी चालतो. विंडोजच्या इन्स्टॉलरबरोबर बरीच पॅकेजेस आधीच बसून येतात, त्यामुळे आधी 'पीकेजी लिस्ट' देऊन यादी बघा. ज्या नावापुढे तारा आहे ते आत्ता चालू आहे. तारा नसेल तर ते बसलेलं आहे पण झोपलेलं आहे. त्याला उठवायचं असं :

पीकेजी लोड स्टॅटिस्टिक्स

यादीत नावच नसेल तर 'पीकेजी इन्स्टॉल', मग वजा चिन्ह जोडून 'फोर्ज', मग पॅकेजचं नाव. इथे एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून असेल तर क्रम पाळा. उदाहरणार्थ 'सिग्नल' पॅकेजला 'कंट्रोल' लागतं, म्हणून आधी कंट्रोल बसवा, मग सिग्नल.

ऑक्टेव्हची एक चांगली गोष्ट म्हणजे ते अनेकदा चूक-संदेशातच औषध सांगतं : ही आज्ञा अमुक पॅकेजमधली आहे, ते तुमच्याकडे बसलेलं आहे पण लोड केलेलं नाही, अमुक आज्ञा द्या. पण लाल अक्षरं दिसली की आपण वाचत नाही. वाचा!

पायथन आणि मोबाइलवाले विद्यार्थी

पायथनमध्ये बसवण्यासाठी 'पिप इन्स्टॉल' आणि चालू करण्यासाठी 'इम्पोर्ट'. पिपची आज्ञा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायची, पायथनच्या आत नाही. इम्पोर्टची ओळ मात्र प्रोग्रामच्या आत, अगदी वर.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही ते मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब वापरू शकतात. इथे मात्र आपला नियम थोडा बदलतो. संगणक गुगलचा असतो आणि सत्र संपलं की आपण वेगळं बसवलेलं पॅकेज पुसलं जातं. म्हणून कोलॅबमध्ये बसवणंही दरवेळी आणि चालू करणंही दरवेळी. नमपाय, सायपाय अशी नेहमीची पॅकेजेस तिथे आधीच असतात, त्यांना फक्त इम्पोर्ट करायचं.

लाल ओळीचा अर्थ

- सायलॅब म्हणतं 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' आणि पुढे आज्ञेचं नाव : नावाचं स्पेलिंग बरोबर असेल तर टूलबॉक्स लोड नाही. वर सांगितलेल्या दोन याद्या बघा.
- आर म्हणतं 'कुड नॉट फाइंड फंक्शन' : पॅकेज बहुधा बसलेलं आहे, 'लायब्ररी' द्यायची राहिली.
- आर म्हणतं 'देअर इज नो पॅकेज कॉल्ड' : पॅकेज बसलेलंच नाही, किंवा नावात चूक आहे.
- पायथन म्हणतं 'नो मॉड्यूल नेम्ड' : बसलेलं नाही, पिप वापरा.
- पायथन म्हणतं 'नेम इज नॉट डिफाइन्ड' : इम्पोर्ट राहिलं, किंवा स्पेलिंग चुकलं.

स्पेलिंगची खात्री केल्यावर प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारा : कपाटात पुस्तकच नाही, की पुस्तक आहे पण उघडलेलं नाही?

परीक्षेच्या दिवसासाठी

प्रॅक्टिकलची परीक्षा कॉलेजच्या संगणकावर असते आणि तो संगणक तुमचा नसतो. घरी महिनाभर चाललेला प्रोग्राम तिथे पहिल्याच ओळीला थांबू शकतो. म्हणून आत्तापासून या सवयी लावा :

१. फाईलच्या अगदी वर लोड करण्याची ओळ लिहायचीच, घरी ते आपोआप होत असलं तरीही.

२. परीक्षेच्या दोन-तीन दिवस आधी लॅबमधल्या संगणकावर आवृत्ती आणि बसवलेल्या पॅकेजची यादी बघून घ्या. नसेल तर लॅबच्या सरांना सांगून आधीच बसवून घ्या. परीक्षेच्या सकाळी तिथे काहीही बसवायला वेळ नसतो.

३. वहीत एक पान ठेवा : सॉफ्टवेअरची आवृत्ती, पॅकेजचं नाव, बसवण्याची ओळ, चालू करण्याची ओळ. तोंडी परीक्षेत "इन्स्टॉल आणि लोड यात फरक काय?" असा प्रश्न आला तर हेच पान उपयोगी पडेल.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाच्या किंवा मुलीच्या पडद्यावर लाल अक्षरं दिसली म्हणून लॅपटॉप बिघडला असं समजू नका, आणि ते मूल अभ्यासात कच्चं आहे असंही नाही. या लेखातली सगळी सॉफ्टवेअर आणि पॅकेजेस मोफत आहेत. ती बसवण्यासाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल तर आधी विचार करा. खर्च फक्त इंटरनेट डेटाचा आहे. सॉफ्टवेअर नेहमी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर फिरणारी फाईल कितीही ओळखीच्या माणसाने पाठवलेली असली तरी ती घेऊ नका.

ज्या घरात मुलीला शिकवणीसाठी रोज तालुक्याला जाणं शक्य होत नाही, तिथे तर ही माहिती आणखी मोलाची आहे. आवाज मराठीत, सॉफ्टवेअर मोफत, आणि अडलं तर काय तपासायचं ते हातात. चारठाण्यात बसूनही तेच सायलॅब आणि तेच आर चालतं, जे पवईत किंवा ऑकलंडमध्ये चालतं. त्यात कमी-जास्त काही नाही.

मोहल्ल्यातल्या ज्या मुला-मुलींनी हे एकदा करून पाहिलं आहे, त्यांनी सुट्टीच्या दिवशी शेजारच्या धाकट्यांना अर्धा तास द्यावा. एका लॅपटॉपवर टूलबॉक्स बसवून दाखवा, मग मुद्दाम सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा आणि 'आता काय करायचं?' असं त्यांनाच विचारा. उत्तर त्यांनी स्वतः दिलं की समजा शिकले. आणि त्यांच्यातल्या कुणाला अडलंच तर नेमकी लाल ओळ, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि पॅकेजचं नाव या तीन गोष्टी लिहून आम्हाला कळवा. फक्त "चालत नाही" एवढं लिहू नका, कारण उपाय त्या लाल ओळीतच असतो.